परदेशी नोट आधी बोटांना दाखवा

मी ठाण्यात, नौपाड्यात, एका मनी चेंजरच्या काउंटरवर बसते. परदेशी नोटा घेणं, देणं आणि नवीन लागलेल्या मुलामुलींना नोट कशी बघायची ते शिकवणं हे माझं काम. आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं जास्त येतात. एक, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे आजी-आजोबा. मुलगा परत जाताना "असू देत हाताशी" म्हणून शंभराच्या चार नोटा देऊन जातो, त्या कपाटात साड्यांच्या घडीत राहतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन किंवा युरोपची टूर निघाली की बाहेर येतात. दुसरी, आखातातून सुट्टीवर आलेली माणसं. दोघांचाही पैसा कष्टाचा असतो, आणि नोट खोटी निघाली तर फटका ज्याच्या हातात ती सापडते त्यालाच बसतो. बदलून कुणी देत नाही. म्हणून मी नवीन मुलांना जे शिकवते तेच इथे लिहिते आहे.

नोट हातात आली की बहुतेक लोक ती लगेच ट्यूबलाइटसमोर धरतात. थांबा. आधी बोट लावा. डॉलरचा कागद आपल्या वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. त्यात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन असतं. खरी नोट इस्त्री केलेल्या सुती रुमालासारखी लागते, चुरगळून सोडली तरी तिचा पीळ जात नाही. शिवाय मुख्य चित्र खोदीव धातूच्या पट्टीवरून प्रचंड दाबाने छापलेलं असतं, त्यामुळे शाई कागदावर उभी राहते. १०० डॉलरच्या नव्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन आहे. त्याचा जो खांदा नोटेच्या डाव्या बाजूला येतो, त्यावरून नखाच्या टोकाने वर-खाली करा. खरखर लागलीच पाहिजे. रंगीत प्रिंटरवर काढलेल्या नोटेवरून बोट सरळ घसरतं.

पावसाळ्यात मात्र एक काळजी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात काहीही कोरडं राहत नाही, नोटाही नाही. दमट नोट मऊ पडते आणि बोटाला फसवते. आम्ही अशी नोट आधी पाच-दहा मिनिटं पंख्याखाली ठेवतो, मग हात लावतो. इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका.

बोटानंतर नोट तिरकी करायची. निळी पट्टी असलेली १०० डॉलरची नोट ८ ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आहे, आणि आज काउंटरवर सगळ्यात जास्त तीच येते. तिच्या मधोमध उभी निळी पट्टी दिसते. ती छापलेली नाही, कागदात विणलेली आहे. पट्टीवर नजर ठेवून नोट पुढे-मागे झुकवा. पट्टीतल्या छोट्या घंटा १०० च्या आकड्यात बदलतात आणि आडव्या सरकतात. आता नोट डावी-उजवीकडे कलती करा, तीच चित्रं वर-खाली सरकतात. ही हालचाल बघायला मी नवीन मुलांना अर्धा तास देते, कारण एकदा डोळ्यात बसली की पुढे चूक होत नाही. बनावट नोटेवर निळी चमकदार पट्टी असते, कधी वरून चिकटवलेली, कधी नुसती छापलेली. ती चमकते, पण तिच्यातलं काही चालत नाही. पट्टीच्या कडेला नख लावून बघा. चिकटवलेली असेल तर कड उचलल्यासारखी लागते.

पट्टीच्या उजवीकडे तांब्याच्या रंगाची दौत आहे. तिच्या आत एक घंटा आहे. नोट कलती केली की ती तांबूस रंगावरून हिरवी होते, त्यामुळे दौतीत दिसते आणि पुन्हा मिसळून जाते. खाली उजव्या कोपऱ्यातला १०० हा आकडाही असाच तांबूस-हिरवा बदलतो. हा बदल स्वच्छ दिसला पाहिजे. नुसतं चकाकणं म्हणजे रंग बदलणं नव्हे. खोट्या नोटेत चकाकी असते, रंग तोच राहतो.

आता उजेडासमोर धरा. उजवीकडच्या मोकळ्या जागेत फ्रँकलिनचा फिकट चेहरा दिसतो, हाच वॉटरमार्क, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसतो. चित्राच्या डावीकडे एक उभा धागा आहे, त्यावर यूएसए आणि १०० असं आलटून-पालटून लिहिलेलं असतं. इथे घाई करू नका. वॉटरमार्क आहे, धागा आहे, म्हणून नोट खरी असं होत नाही, कारण बनावट नोटांमधला सगळ्यात फसवा प्रकार इथेच असतो. खऱ्या ५ डॉलरच्या नोटेची शाई रसायनाने धुऊन काढतात आणि त्याच कागदावर १०० छापतात. कागद खरा, धागा खरा, वॉटरमार्कही खरा. पण जुन्या ५ च्या नोटेतला चेहरा लिंकनचा, दाढीवाला. नव्या ५ मध्ये तर चेहराच नाही, मोठा ५ चा आकडा आहे. धाग्यावरही शंभराऐवजी पाच लिहिलेलं असतं. म्हणून वॉटरमार्क "आहे का" हे बघून थांबू नका, "कोणाचा आहे" ते बघा.

याच कारणाने नोट तपासायचं ते पिवळट रेघ उमटवणारं पेन मी काउंटरवर ठेवू देत नाही. त्या पेनात आयोडीन असतं. लाकडाच्या कागदात स्टार्च असतो, त्याला आयोडीन लागलं की काळपट रेघ येते. नोटेच्या कागदात स्टार्च नाही, म्हणून रेघ फिकट राहते. धुतलेल्या ५ च्या कागदावरही ती फिकटच राहणार. पेनावर विसंबलेला माणूस तिथेच फसतो.

यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, टॉर्च मात्र घ्यावा, स्वस्तात मिळतो. अंधाऱ्या कोपऱ्यात नोटेवर मारला की १०० डॉलरचा धागा गुलाबी चमकतो. ५० चा पिवळा, २० चा हिरवा, १० चा नारिंगी, ५ चा निळा. १ आणि २ डॉलरच्या नोटेत धागाच नसतो, तेव्हा तो शोधत बसू नका. शंभराच्या नोटेत धागा निळा चमकला तर तो कागद पाचच्या नोटेचा आहे. खरा कागद या प्रकाशात मंद राहतो, झेरॉक्सचा कागद निळसर पांढरा लख्ख उजळतो. पण पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघालेली खरी नोटही उजळते, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारा घटक असतो. असे लोक आमच्याकडे बरेच येतात. नुसत्या उजळण्यावरून नोट खोटी ठरवू नये. बोट, पट्टी, घंटा, वॉटरमार्क या गोष्टींना मान जास्त.

नंबराकडे फार कमी लोक बघतात, आणि बनावट नोटा तिथे हमखास सापडतात. नोटेवर मालिकेचं वर्ष छापलेलं असतं. २००९ए मालिकेच्या शंभराच्या नोटेचा नंबर एल या अक्षराने सुरू होतो, २०१३ चा एम ने. वर्ष २०१३ आणि नंबर एल ने सुरू, अशी नोट दिसली तर बाजूला काढा. नंबरातलं दुसरं अक्षर फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय बँकेच्या, त्या-त्या शहरातल्या बँकेचं असतं, आणि तेच अक्षर डाव्या नंबराखाली आकड्यासह पुन्हा येतं, न्यूयॉर्कचं बी २ येतं तसं. दोन्ही जुळायला हवीत. निळ्या पट्टीच्या नोटेवर २००६ मालिका असूच शकत नाही. आणि गड्डीत एकाच नंबराच्या दोन नोटा निघाल्या तर पुढे काही तपासायची गरज राहत नाही. एकाच नंबराच्या दोन नोटा नाहीत ना, हे आखाती नोटांतसुद्धा आधी बघत जा.

भिंग असेल तर फ्रँकलिनच्या कोटाच्या कॉलरवर धरा. तिथे देशाचं पूर्ण नाव बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. खऱ्या नोटेत अक्षर न् अक्षर सुटं वाचता येतं, खोट्यात ती एक काळी रेघ होते. चेहऱ्यामागच्या रेषाही बघा. खऱ्या नोटेत त्या अखंड असतात, प्रिंटरच्या नोटेत भिंगाखाली रंगीत ठिपके शिंपडलेले दिसतात.

आजी-आजोबांच्या कपाटातल्या नोटांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण इथे उलटी चूक होते. खरी नोट खोटी म्हणून परत पाठवली जाते. १९९६ च्या मालिकेपासून शंभरावरचा चेहरा मोठा झाला, वॉटरमार्क आला आणि कोपऱ्यातला आकडा हिरव्याचा काळा होऊ लागला. त्या नोटेत निळी पट्टी नाही, दौत नाही आणि तांबूस रंगही नाही. त्याआधीच्या नोटेत लहान लंबगोलातला चेहरा आहे आणि वॉटरमार्क अजिबात नाही. धागासुद्धा १९९० च्या मालिकेपासून आला. म्हणजे १९८५ ची लहान चेहऱ्याची नोट उजेडात धरून "काहीच दिसत नाही" म्हणणं चुकीचं आहे, तिच्यात दिसण्यासारखं काही घातलेलंच नव्हतं. तिथे बोट आणि भिंग यांच्यावरच भिस्त. कागदात लाल-निळे बारीक तंतू असतात, ते आत रुतलेले आहेत की वर छापलेत ते सुईच्या टोकाने हळूच बघता येतं. अमेरिकन सरकार जुन्या नोटा रद्द करत नाही, सगळ्या चालतात. पण आपल्याकडे अशा नोटेला पूर्ण रेट मिळेलच असं नाही, बरेच काउंटर घेतही नाहीत. मुलाला सांगून ठेवा, पुढच्या वेळी निळ्या पट्टीच्याच आण.

अशा भेट मिळालेल्या नोटा घरात ठेवणं गुन्हा आहे की काय, या धास्तीने काही जण काउंटरवर यायला घाबरतात आणि गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडे जातात. घाबरायचं कारण नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाने इथे भेटीला आल्यावर दिलेल्या भेटीसकट, २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नियमाने जवळ ठेवता येतात. बदलायच्या मात्र बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडेच. परवाना काउंटरवर लावलेला असतो, तो बघा, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका.

युरोच्या बाबतीतही क्रम तोच. कागद निव्वळ कापसाचा. २० आणि त्यावरच्या नव्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडेला बारीक उभारलेल्या रेघा बोटाला लागतात. खाली डावीकडचा हिरवा आकडा कलता केला की त्यातली चमक वर-खाली सरकते आणि हिरव्याचा गडद निळा होतो. चंदेरी पट्टीच्या वरच्या भागात छोटी खिडकी आहे. उजेडासमोर ती आरपार होते आणि आत युरोपा या ग्रीक पुराणातल्या स्त्रीचा चेहरा दिसतो. १०० आणि २०० च्या या नोटा २८ मे २०१९ ला आल्या. २००२ पासूनच्या जुन्या मालिकेच्या नोटाही चालतात, त्यांत ५० पासून पुढे मागच्या बाजूचा मोठा आकडा जांभळ्यावरून शेवाळी किंवा तपकिरी होतो. ५०० ची जांभळी नोट युरोपातल्या केंद्रीय बँकांनी २०१९ पासून द्यायची बंद केली, पण ती रद्द नाही. १००० युरोची नोट मात्र कधी निघालीच नाही. कुणी दाखवली तर हात लावू नका.

पौंड आता प्लास्टिकचा आहे, फाडायला गेलं तर फाटत नाही. पारदर्शक खिडकी खरोखर आरपार असली पाहिजे आणि तिच्यावरची सोनेरी चमक मागच्या बाजूने चंदेरी दिसली पाहिजे. २० पौंडाच्या नोटेवर खिडकीखालच्या चकचकीत भागात 'ट्वेंटी' आणि 'पाउंड्स' हे शब्द आलटून-पालटून दिसतात. पौंडात आमच्याकडे खोट्यापेक्षा बाद झालेल्या नोटांचाच त्रास जास्त. कागदी २० आणि ५० पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. पण त्या कवडीमोल झालेल्या नाहीत, बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते. लंडनला कुणी जात असेल तर त्याच्याकडे द्या. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा वेगळ्या दिसतात, त्याही खऱ्या असतात.

नोट खरी, पण किंमत शून्य, असेही प्रकार आहेत आणि त्यावर मोठी फसवणूक चालते. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला लिरावरचे सहा शून्य काढले. त्याआधीची दहा लाख लिराची नोट अस्सल छापील, वॉटरमार्कसकट आहे, आणि तिचे आज काहीही मिळत नाहीत. सद्दामच्या चित्राचे इराकी दिनार तसेच. कुवेतने २०१४ मध्ये नवी मालिका काढल्यावर आधीची मालिका बाद केली. झिम्बाब्वेची शंभर लाख कोटींची नोट संग्राहकांपुरती. नोट ओळखीची नसेल तर ती खरी आहे का हे नंतर विचारा, आधी ती आज चालते का ते त्या देशाच्या केंद्रीय बँकेच्या वेबसाइटवर बघा.

आता दिरहॅम आणि रियाल. सौदी आणि अमिरातीच्या कागदी नोटांवरही उभी शाई बोटाला लागते. दिरहॅमच्या वॉटरमार्कमध्ये ससाण्याचं डोकं असतं, रियालमध्ये राजाचा चेहरा. अमिरातीने २०२१ पासून प्लास्टिकच्या नोटाही आणल्या आहेत, त्यामुळे गुळगुळीत लागली म्हणून लगेच शंका घेऊ नका. पण या नोटांबाबत खरा धोका छपाईत नाही, आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ठाणे, मुंब्रा, कल्याण, वाशी, सगळीकडे हाच प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे.

मागच्या पावसाळ्यात एक काका आले, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. ५० दिरहॅमची एक नोट पुढे केली. "मॅडम, खरी आहे का तेवढं सांगा." मी बोट लावलं, उजेडात धरलं. खरी होती. मी विचारलं, "काका, कुणी दिली?" ते म्हणाले, ओळखीचा आहे. "आणि बाकीच्या किती आहेत त्याच्याकडे?" ते गप्प झाले. मग हळूहळू सगळं निघालं. रिक्षात भेटलेला एक माणूस, त्याच्या मावशीला घरकाम करताना नोटांचं गाठोडं मिळालेलं, बँकेत न्यायची भीती वाटते, निम्म्या भावात देतो म्हणाला. संध्याकाळी तीन लाख घेऊन यायला सांगितलं होतं, आणि पिशवीत ते तीन लाख होते. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या मुलीला फोन लावायला लावला.

या फसवणुकीत पहिली नोट नेहमी खरी असते. तुम्ही ती तपासून आणावी हीच त्यांची इच्छा असते. नंतर रुमालात बांधलेलं गाठोडं मिळतं, वर-खाली एक-दोन खऱ्या नोटा आणि मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे किंवा साबणाची वडी. पैसे हातात पडले की "पोलीस आले" म्हणून धावपळ होते आणि माणसं गायब. तेव्हापासून एकटी नोट दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, ही घरातली आहे की कुणाकडून घेणार आहात? माझा हा प्रश्न काहींना आगाऊपणा वाटतो, वाटू दे. एका नोटेच्या तपासणीतून बाकीच्या गठ्ठ्याबद्दल काहीही कळत नाही. काळे डॉलर रसायनाने धुऊन दाखवणाऱ्यांचंही हेच तंत्र आहे. धुऊन दाखवलेली एक नोट खरी, पेटीतले बाकीचे काळे कागद.

म्हणून गड्डी घेताना, बँकेच्या सीलची असली तरी, एकेक नोट बोटातून काढा. शंभर नोटांना काही मिनिटं लागतात. मागे रांग कुरकुरली तरी घाई करू नका, काउंटरवरच्या माणसालाही करू देऊ नका. शंका आली तर त्याच चलनाची, त्याच मालिकेची खात्रीची नोट शेजारी ठेवा आणि दोन्हींत वेगळं काय आहे ते शोधा. सारखं काय आहे ते शोधू नका, सारखेपणा तर बनावट करणाऱ्याने आणलेलाच असतो.

आणि खोटी नोट सापडलीच तर ती कुणाच्या तरी गळ्यात मारायचा विचार मनात आणू नका. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७८ ते १८० मध्ये जगातल्या कुठल्याही देशाची नोट येते, फक्त रुपया नाही. खोटी आहे हे माहीत असून ती खपवली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, खपवायच्या इराद्याने जवळ बाळगली तर सात वर्षांपर्यंत. नोट कमीत कमी हाताळा, कोऱ्या पाकिटात ठेवा. कुणाकडून, कधी, कुठे मिळाली हे आठवतंय तोवर पाकिटावर लिहा. देणारा आठवत असेल तर त्याचं वर्णनही लिहा. मिळाल्याची पावती असेल तर तिची प्रत जोडा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पावती असलेल्या माणसाला आपली बाजू सांगणं सोपं जातं, म्हणून परदेशातून येतानाही विमानतळावरच्या एक्स्चेंजची चिठ्ठी फेकू नका, नोटांबरोबरच ठेवा.

नौपाड्यात, राम मारुती रोडला किंवा वाशीला, जिथे जवळ पडेल तिथे परवानाधारक काउंटरवर या आणि नोट दाखवा. बघून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते, यूव्ही लॅम्पखाली तुमच्या डोळ्यांदेखत धरून दाखवता येते.